हवाई दलास काकांचा अर्ज

कसबा पेठ, पुणे
१२ फेब्रुवारी २००६

चि. तनयास,
काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. हिंजवडीहून कसब्यात यायला पत्राला दोन दिवस लागले आणि तुझ्या कंपनीच्या बसला अडीच तास लागतात, म्हणजे टपाल खातं काही फार मागे नाही. फोन करत नाहीस हे बरं करतेस. मला फोनवर ऐकू येत नाही, आणि तुझी काकू ऐकून मला जे सांगते त्यात तिचं स्वतःचं मत बरंच असतं.

तर तू नोकरी सोडणार. सगळं पुणं संगणकाच्या नोकरीसाठी रांगेत उभं असताना तुला वर्षभर थंड हवेत खुर्चीवर बसून कंटाळा आला. साहजिक आहे, इतकं सुख माणसाला सोसत नाही. आता तुला प्रवासी विमान चालवायचं आहे. मी आयुष्यभर हवामान खात्याच्या सिमला ऑफिसात बसून विमानांसाठी हवामानाचे नकाशे काढले आणि विमानात एकदाही पाऊल ठेवलं नाही. तेव्हा या विषयात सल्ला द्यायला घराण्यात माझ्याइतका लायक माणूस नाही, हे तू बरोबर ओळखलंस.

तुझ्या पत्रावरून मला समजलं ते असं. रस्ते दोन. पहिला खासगी. उड्डाण शाळेत पैसे भरायचे, दोनशे तास उडायचं, परवाना घ्यायचा आणि विमान कंपनीच्या दारात उभं राहायचं. हल्ली दर महिन्याला एक नवी विमान कंपनी निघते, तेव्हा दारांना तोटा नाही. फक्त या रस्त्यासाठी दत्तप्रसादला लोणी काळभोरचा प्लॉट विकावा लागेल. माझ्या धाकट्या भावाने, म्हणजे तुझ्या बापाने, आयुष्यात हौसेने केलेली ती एकच गोष्ट. तिथे त्याने दोन शेवग्याची झाडं लावली आहेत आणि दर रविवारी तो ती बघायला जातो. शेंगा शेजारचे नेतात.

दुसरा रस्ता हवाई दलाचा. तिथे शिकवतात फुकट, वर पगार, जेवण आणि गणवेश. मुलींना लढाऊ विमान देत नाहीत, मालवाहू देतात. नेमणूक मुदतीची असते, ती संपली की सोडतात, आणि मग विमान कंपन्या अशांना पायघड्या घालतात. थोडक्यात, सरकारी खर्चाने शिकायचं आणि खासगीत कमवायचं. हा तर अस्सल सदाशिव पेठी मार्ग झाला. तो कसब्यातल्या मुलीला सुचावा याचा मला अभिमान वाटतो.

तेव्हा दुसराच धर. पण किती वर्षांनी सोडतात हे तुला कुणी लेखी दिलंय का? तोंडी माहितीवर मी भाजीसुद्धा घेत नाही.

तुझा,
श्यामकाका

ता. क. : ही गोष्ट आनंदीकाकूला सांगू नका असं लिहिलं होतंस. मी सांगितली नाही. तिने पत्र माझ्या आधी वाचलं होतं.


हिंजवडी
२५ फेब्रुवारी २००६

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

सल्ल्याबद्दल आभारी आहे. तुम्ही नको म्हणाला असतात तरी अर्ज आधीच भरला होता, त्याची प्रत सोबत जोडली आहे. मे महिन्यात म्हैसूरला निवड मंडळापुढे जायचंय. पाच दिवस कसोट्या, मुलाखत आणि शेवटी यंत्राची परीक्षा. त्या यंत्रात हाताने दांडा आणि पायाने पट्ट्या सांभाळत पडद्यावरचा पळता ठिपका पकडायचा असतो. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालं की हवाई दलाच्या विमानात पुढच्या खुर्चीवर कधीच बसायचं नाही. शिवाय वयाची अट आहे, पुढच्या वर्षी मी त्यात बसत नाही. म्हणजे संधी ही एवढीच.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. कंपनीने मागे बंगळूरला पाठवलं तेव्हा पहिल्यांदा विमानात बसले. सगळ्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. मी पूर्ण वेळ पुढच्या बंद दाराकडे बघत होते. त्या दाराच्या पलीकडे दोन माणसं बसली आहेत आणि आपण इकडे का, एवढंच डोक्यात होतं. तेव्हापासून संगणकासमोर माझं मन लागत नाही. यावर काही बोचरं सुचलं तर कृपा करून लिहू नका.

बाबांना यातलं काही कळता कामा नये. मला उडायचंय एवढंच त्यांना माहीत आहे. हवाई दलाचं कळलं तर काळजी करतील आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप प्लॉट विकून उड्डाण शाळेचे पैसे भरतील. ते बोलत नाहीत, करून मोकळे होतात. तुम्ही बोलून मोकळे होता, त्यामुळे तुमच्यापासून तसा धोका नाही.

फक्त एक विनंती. कुणाला पत्र लिहू नका. गल्लीतल्या उघड्या गटाराबद्दल तुम्ही महापालिकेला इतकी पत्रं लिहिलीत की त्यांनी झाकण बसवायच्या ऐवजी तुमच्या नावाची फाइल उघडली.

काकूला नमस्कार.

तनया


कसबा पेठ
९ मार्च २००६

चि. तनयास,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिहू नका म्हणालीस म्हणून लिहिलं नाही. अर्ज केला. दोन्हींत फरक आहे. पत्राला उत्तर न देणं हा सरकारचा हक्क असतो, अर्जाला ते द्यावं लागतं.

माहितीच्या अधिकाराचा कायदा आल्यापासून पुण्यातल्या निवृत्तांना पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं आहे. ओंकारेश्वराजवळच्या आमच्या कट्ट्यावर ज्याने अजून एकही अर्ज केलेला नाही असा फक्त एक जण उरला होता. तो मी. लोक माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत. ती उणीव आता भरून निघाली.

तुझ्या निवड मंडळालाच थेट विचारलं आहे. वैमानिकांना किती वर्षांनी मोकळं करता, मोकळं केल्यावर तुमच्याकडचे उड्डाणाचे तास विमान कंपन्या धरतात का, आणि शाकाहारी जेवणाची सोय आहे का. कारण द्यायची गरज नाही असं कायदा म्हणतो. पण आपण सुसंस्कृत माणसं, कारण न देता कुणाला प्रश्न विचारणं बरं दिसत नाही. म्हणून स्वच्छ लिहिलं की, माझी पुतणी कु. तनया दत्तप्रसाद ही येत्या मे महिन्यात आपल्याकडे मुलाखतीस येत असून, आपल्या खर्चाने शिकून पुढे प्रवासी विमान कंपनीत जाण्याचा तिचा मानस आहे, सबब ही माहिती आवश्यक आहे. तुझा अर्ज क्रमांकही दिला, म्हणजे त्यांना शोधाशोध नको.

तुझं निम्मं काम करून ठेवलं आहे. आभार मानू नकोस.

श्यामकाका


हिंजवडी
१४ मार्च २००६

काका,

पत्र ऑफिसात वाचलं. माझा चेहरा बघून शेजारच्या मुलाने पाणी आणून दिलं. अर्ज मागे घ्या.

तनया


कसबा पेठ
१८ मार्च २००६

चि. तनयास,

रजिस्टर पोस्टाने गेला. पोचपावतीसुद्धा आली. सहीचं अक्षर वळणदार आहे, कुणी चांगल्या घरातला माणूस दिसतो.

श्यामकाका


म्हैसूर रेल्वे स्टेशन
२१ मे २००६

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

गाडीला अजून वेळ आहे म्हणून फलाटावर बसून लिहिते आहे.

तुमच्या अर्जामुळे माझं कल्याण झालं. मुलाखतीच्या साहेबांनी तो समोरच ठेवला होता. सगळा मोठ्याने वाचला, शाकाहारी जेवणासकट. मग मला विचारलं, तुझ्या काकांना आम्ही काय उत्तर द्यावं असं तुला वाटतं. मी म्हटलं, त्यांनी लिहिलंय ते खरं आहे सर, आमचे काका खोटं लिहीत नाहीत. त्यावर ते इतके हसले की बाहेरचा शिपाई दार उघडून बघून गेला. यंत्राची परीक्षाही अशी झाली की विचारू नका. आता हवाई दलाचं माझ्यावाचून अडणार असं समजा.

पुढच्या महिन्यात बंगळूरला जायचंय, तिथे उरलंसुरलं बघून घेतील. तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही.

घरी एक अक्षर बोलू नका.

तनया


हिंजवडी
१६ जुलै २००६

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

दोन महिने तुमचं पत्र नाही. बंगळूरहून परत आल्यावर नुसती खुशाली विचारणारं एक कार्ड टाकलं, त्यालाही उत्तर नाही. तुम्हाला लिहायला काही सुचत नाही असं आजवर कधी झालेलं नाही, त्यामुळे तब्येत बरी नसेल असं वाटलं होतं. आता कळलं की तब्येत उत्तम आहे आणि तुम्ही कामात होतात.

काल बाबा आले. लोणीहून तीन बसगाड्या बदलून, पायाला चिखल घेऊन. चहा घेतला, खोली बघितली, पंख्याचा आवाज येतो म्हणाले. मग पिशवीतून एक खोकं काढलं. आत पांढरा शर्ट होता, खांद्यावर सोनेरी पट्ट्या शिवलेला. "मापाचा आहे का बघ," म्हणाले. उड्डाण शाळेने पैसे भरल्याबरोबर दिला. जानेवारीत वर्ग सुरू. प्लॉट जूनमध्येच गेला, तिथल्या कॉलेजच्या मुलांसाठी वसतिगृह बांधणाऱ्या माणसाला. मी विचारलं, हे एकाएकी कसं. तर म्हणाले, श्यामदादा आला होता, म्हणाला आता थांबू नकोस.

काका, तुम्ही हे काय केलंत? मी निवडली गेले आहे. म्हैसूरला मंडळाने शिफारस केली. यंत्राच्या परीक्षेत मी आमच्या गटात पहिली आले. साहेब म्हणाले की इथे येणारा प्रत्येकजण देशसेवेचं भाषण पाठ करून येतो, खरं कारण सांगणारी तू पहिली, आणि तेही काकांच्या अर्जातून. बंगळूरला वैद्यकीय तपासणी झाली, त्यातही पास. म्हैसूरचं सगळं मी तुम्हाला फलाटावरून लिहिलं होतं. त्या पत्रातलं एकूण एक वाक्य सरळ होतं.

आता अंतिम यादी डिसेंबरात लागेल. मुलींच्या जागा मोजक्या असतात, त्यात नाव येईलच असं नाही. नाही आलं तर बाबांचा शर्ट आहेच. तोवर त्यांना काही सांगू नका. खरोखरच सांगू नका.

तनया


कसबा पेठ
२० जुलै २००६

चि. तनयास,
अनेक आशीर्वाद.

फलाटावरचं पत्र काढून पुन्हा वाचलं. काकूलाही वाचायला दिलं. ती म्हणाली, यात न समजण्यासारखं काय आहे, पोरगी पास झाली. मे महिन्यात तिने हेच पत्र वाचलं होतं तेव्हा पदर डोळ्याला लावला होता. आज म्हणते, तो आनंदाने लावला होता. मग तेव्हा सांगितलं का नाही, तर म्हणे तुम्ही विचारलं नाही.

तू माझी बाजूही बघ. आपल्या घराण्यात खरोखर कल्याण झाल्यावर 'कल्याण झालं' असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. माझे वडील भाजी छान झाली म्हणाले की आई मुकाट्याने ताट उचलून न्यायची. 'उपकार जन्मभर विसरणार नाही' हे वाक्य मी स्वतः महापालिकेच्या अभियंत्याला तीन वेळा लिहिलं आहे. आणि तू लिहितेस की साहेब हसले, उरलंसुरलं बंगळूरला बघून घेतील. मला वाटलं, कंपनीने तुझी तिकडे बदली केली आणि तू नाद सोडलास. सरळ लिहायचं होतं तर पत्राच्या वर तशी सूचना द्यायची होतीस.

थट्टा बाजूला ठेवतो. मला वाटलं की तुझी एकुलती एक संधी माझ्या अर्जाने गेली. खोटं सांगत नाही, तो आठवडा मी कट्ट्यावर गेलो नाही आणि जेवलोही धड नाही. मग उठून दत्तप्रसादकडे गेलो. हवाई दलाचा शब्द काढला नाही. एवढंच म्हटलं की पोरीचं मन तिकडे आहे, तू झाडं बघत बसू नकोस. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. प्रश्न विचारणारा भाऊ असता तर ही वेळ आली नसती.

कालच त्या उड्डाण शाळेच्या जंगली महाराज रस्त्यावरच्या कचेरीत जाऊन आलो. भरलेले पैसे परत मिळत नाहीत, असं तिथे भिंतीवर लिहिलं आहे. त्या पाटीतल्या शुद्धलेखनाच्या चुका मी दाखवून दिल्या. त्यांनी मला चहा दिला, पैसे दिले नाहीत.

तुझा अपराधी,
श्यामकाका


हिंजवडी
१७ डिसेंबर २००६

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

यादीत नाव आलं. हैदराबादजवळच्या अकादमीत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचंय. त्याच आठवड्यात उड्डाण शाळेचा वर्ग सुरू होतो.

मी हवाई दलाला नकार कळवणार आहे. या वेळी तुमचा सल्ला मागत नाही, फक्त कळवते.

मागच्या रविवारी बाबांकडे गेले होते. प्लॉट नाही तरी ते सकाळी चप्पल घालून निघाले. मी मागोमाग गेले. तिथे आता पत्र्याचं कुंपण आहे. ते पत्र्याच्या फटीतून आत बघत उभे होते. शेवगा तोडला होता. मला बघून म्हणाले, बांधकाम चांगलं चाललंय. यानंतर मी कुठल्या तोंडाने सांगू की तुम्ही दिलंत ते मला नको आहे?

आणि खरं सांगायचं तर नको आहे. म्हैसूरला जाईपर्यंत मला वाटायचं की हवाई दल म्हणजे विमान कंपनीत जायचा फुकटचा रस्ता. पाच दिवस तिथे राहिले आणि ते मनातून गेलं. तिथली माणसं, ते यंत्र, पहाटेचं मैदान, सगळ्यात मला वाटत राहिलं की मला इथेच यायचं होतं. पुढच्या विमान कंपनीची आठवणसुद्धा झाली नाही. साहेबांसमोर मी तुमचा अर्ज खरा आहे म्हटलं, ते तेव्हा खरं होतं. आता राहिलेलं नाही.

पण हवं असणं वेगळं आणि घेणं वेगळं. परवाना मिळेल, नोकरी लागेल, बाबांना त्या शर्टात दिसेन. वाईट काही नाही. मला रडू येतंय एवढंच, ते थांबेल.

नकाराचं पत्र शुक्रवारी टाकणार आहे.

तनया


कसबा पेठ
२० डिसेंबर २००६

चि. तनयास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र शुक्रवारच्या आत पोचावं म्हणून टपालाने टाकत नाही, कंपनीच्या बसने येणाऱ्या शेजारच्या अपेक्षाच्या हाती देतो आहे. बसवर विश्वास ठेवायची ही माझी पहिली वेळ.

दोनदा सांगू नका म्हणालीस, तरी मी दत्तप्रसादला सांगितलं. बोलून मोकळा होणारा माणूस म्हणून तू मला बिनधोक ठरवलं होतंस, त्याचा उपयोग केला. पहिल्यापासून सगळं सांगितलं. तुझा अर्ज, माझा अर्ज, फलाटावरचं पत्र, मी ते कसं वाचलं, त्याचा प्लॉट कशापायी गेला, आणि तू आता काय करायला निघाली आहेस. तो सुपारी कातरत होता. माझं संपेपर्यंत कातरतच राहिला. मला वाटलं, आता हा जन्मात माझ्याशी बोलणार नाही. तसा आधीही बोलत नव्हता, पण या वेळी कारण असतं.

मग म्हणाला, "जमीन विकली ती तिला उडता यावं म्हणून. विमान कुणाचं, हे मी कधी विचारलं होतं का?"

मी म्हटलं, अरे पण पैसे बुडाले. तर म्हणाला, "दादा, तू ते ग्राहक मंचात बघ. तुला उद्योग लागेल." चाळीस वर्षांत त्याने माझी केलेली ही पहिली चेष्टा. तक्रार लिहायला घेतली आहे, अठरा पानं झाली आहेत.

रविवारी तो अजून त्या प्लॉटवर का जातो हेही विचारलं. म्हणाला, सवय आहे, मोडेल. हैदराबादला थंडी असते का, स्वेटर द्यावा का, हे त्याने मला विचारलं, कारण मी हवामान खात्यातला. असते म्हटलं. तेव्हा स्वेटर येईल, गरज पडो न पडो. तो पांढरा शर्ट मात्र परत मागतो आहे. कपाटात टांगून ठेवणार म्हणतो.

तुझ्या मंडळाचं उत्तर मला आलं, तुझ्या यादीच्याच आठवड्यात. वैमानिकांना किती वर्षांनी सोडता, या प्रश्नावर लिहिलं आहे की ही माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही. शाकाहारी जेवण मिळतं. कट्ट्यावर सगळे म्हणाले, अपील करा, तीस दिवसांची मुदत आहे. मी करणार नाही. तू तिथून कधी सुटशील हे आता मला विचारायचं नाही.

नकाराचं पत्र फाडून टाक. कपडे भर आणि शनिवारी घरी ये, बाप वाट बघतो आहे.

आता शेवटचं. मला तुझा फार अभिमान वाटतो. तू गेल्यावर मला इथे करमणार नाही. ही दोन वाक्यं लिहिली आहेत तशीच वाच.

तुझा,
श्यामकाका